बटव्यातले राजे

चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडला, त्या आठवड्यात आमच्या घराण्यातल्या सगळ्यांना एकदम आजी आठवली. आजीला जाऊन ३१ वर्षं झाली. तिच्या श्राद्धाला पान वाढून कावळ्याची वाट बघायला मी आणि ही, एवढेच असतो. पण त्या आठवड्यात नाशिकहून धाकट्या काकांचा, ठाण्याहून आतेभावाचा आणि न्यू जर्सीहून भाच्याचा, असे तीन फोन आले. तिघांनीही आधी तिच्या पुरणपोळीची आठवण काढली. भाचा ती गेली तेव्हा दीड वर्षाचा होता, पण पुरणपोळी त्यालाही आठवत होती. मग सहज विचारावं तसं तिघांनीही विचारलं, "तिचा तो बटवा कुठे असतो हल्ली?"

बटवा हल्ली आमच्या लोखंडी कपाटात असतो. दर लक्ष्मीपूजनाला त्यातला एक रुपया बाहेर निघतो, हळद-कुंकू लावून घेतो आणि तसाच परत आत जातो. तो पूर्ण रिकामा कुणी केलाच नव्हता. केला तेव्हा त्यातून एक वाळकी सुपारी, कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली आणि तेवीस रुपये निघाले. चार राणीछाप. तीन बोडके, म्हणजे सातव्या एडवर्डचे. रुपयावरच्या या राजाला मुकुट नाही, नुसतं विरळ केसांचं डोकं आहे. आजी त्याला बोडका राजा म्हणायची आणि पूजेला कधी घ्यायची नाही. दहा पाचव्या जॉर्जचे; दाढी, मुकुट, झगा, सगळं जिथल्या तिथे. पाच सहाव्या जॉर्जचे. आणि एक वाघाचा.

काकांनी फोनवरच हिशेब केला. "एक रुपया म्हणजे एक तोळा. तेवीस रुपये म्हणजे तेवीस तोळे. लाव भाव." काका सरकारी अभियंता होते, त्यांची अंदाजपत्रकं सुरुवातीला अशीच सोपी असतात.

हिशेब अगदीच चूक नव्हता. १८३५ साली कंपनी सरकारने रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तोळाही तेवढाच. तागडीत ऐंशी रुपये टाकले की एक शेर. आजीची लोणच्याची कृती आईने वहीत उतरवून ठेवली आहे, त्यात 'मेथी रुपयाभार' असं आहे. आमची ही गेली पंचवीस वर्षं वजनकाट्यावर चालू रुपयाचं नाणं ठेवून मेथी मोजते. ते नाणं चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. आमच्या लोणच्याला आजीच्या लोणच्याची चव का येत नाही, याचा उलगडा मला अशा रीतीने नाणकशास्त्रातून झाला. मी तो घरात बोलून दाखवलेला नाही.

पण रुपया नुसत्या चांदीचा कधीच नव्हता. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. सराफाचा हल्लीचा तोळा आहे दहा ग्रॅमचा. तेव्हा जुन्या तोळाभर रुपयातून नव्या तोळ्यापेक्षा थोडी जास्तच चांदी निघते. हे मी काकांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "म्हणजे वाढलं की घटलं ते सांग."

घटलं होतं, आणि ते सहाव्या जॉर्जमुळे. राणी, बोडका आणि दाढीवाला पाचवा जॉर्ज हे तिघं चांदीच्या बाबतीत सारखेच खरे. सहावा जॉर्जही पहिली दोन वर्षं नीट वागला. मग महायुद्ध सुरू झालं, चांदी टंचाईत आली आणि १९४० पासून त्याच्या रुपयात चांदी उरली निम्मी. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. वजन तेवढंच, वर राजाही तोच. बिस्किटवाले निदान पुड्यावर घटलेलं वजन बारीक अक्षरांत छापतात. या राजाने तेही केलं नाही. त्याच्या एका रुपयात चांदी ५.८३ ग्रॅम, आणि आजीकडचे पाचही रुपये १९४० नंतरचे.

राहिला वाघ. १९४७ चा हा रुपया दिसायला सगळ्यांत देखणा, म्हणून आतेभावाने तो फोनवरच मागून ठेवला होता. फ्रीजवरचं लोहचुंबक मी सहज जवळ नेलं आणि वाघाने त्यावर झेप घेतली. १९४७ चे रुपये निकेलचे आहेत. त्यांत चांदी शून्य. आतेभावाची इच्छा मोडायची नाही, यावर घरात तत्काळ एकमत झालं.

काकांच्या हिशेबातले २६८ ग्रॅम असे २११ वर आले, तेही झीज न धरता. काका म्हणाले, "आई असं करणार नाही."

आजीने खरं तर याहून मोठं काम केलं होतं. तिचं लग्न पहिल्या महायुद्धात झालं, आणि पाचव्या जॉर्जचे दहा रुपये तेव्हाच्या आहेरातले. त्या काळात देशभरातल्या बायका, सावकार आणि शेतकरी हातात आलेला रुपया परत बाहेर काढायला तयार नव्हते. सरकारला १९१७ च्या शेवटी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. लोकांनी नोटा घेतल्या आणि खजिन्यात जाऊन त्यांचे बंदे रुपये मागितले. चांदी संपत आली. शेवटी १९१८ साली अमेरिकेने खास कायदा केला, स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले आणि २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी विकली. त्या चांदीचे रुपये पडले आणि तेही बटव्यांत गेले. कैसर विल्हेल्मला जे जमलं नाही ते बटव्याच्या नाडीने जवळजवळ जमवलं होतं. १९१८ चा रुपया आजही ढिगाने सापडतो, तो त्यामुळे. आमच्याकडे तीन आहेत. न्यू जर्सीच्या भाच्याला मी म्हटलं, "हे मूळचे तुमच्याकडचेच." त्याला वाटलं, मी त्याला वाटा नाकारतोय.

या सगळ्या खटाटोपात मला नाद लागला. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला गुडघे लागतात, मला रुपये लागले. दर महिन्याला एक जुना चांदीचा रुपया घ्यायचा, असं मी ठरवलं. 'दरमहा एक राजा' अशी ही योजना मी घरात मांडली. ही म्हणाली, "अहो, त्यापेक्षा सराफाकडचं नवं लक्ष्मीचं नाणं घ्या ना. डबी मिळते." तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. नवं नाणं ९९९ टंचाचं असतं, वर मजुरी पडते, पण ज्याने दिलं तो परत घेताना कुरकुर करत नाही. नुसतं वजनच साठवायचं असेल तर तेच घ्यावं, हे मलाही कबूल आहे. पण त्यावर वितळलेल्या डॉलरची गोष्ट नसते.

पहिला प्रश्न होता, कुठला राजा घ्यायचा. काकांचं मत पक्कं होतं, "जेवढं जुनं तेवढं महाग." घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने हे मत बाळगणं स्वाभाविक आहे, पण नाण्यांच्या बाजारात नुसत्या वयाला कुणी विचारत नाही. राणीच्या रुपयावर १८६२ हे साल दिसलं की लोक हरखतात. पण टांकसाळीने तेच साल पुढची कित्येक वर्षं बदललंच नाही, म्हणून १८६२ चे रुपये पोत्याने आहेत. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया, वयाने अगदी कोवळा, पण इतका दुर्मीळ की १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कलावंत आहेत. साल तेवढं बघून हुरळणाऱ्यांसाठीच ते कोरतात.

दुसरा लोभ डुकराचा. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला, त्यावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड काढली की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. बोभाटा झाला, सरकारने रुपये परत घेऊन बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. हे वाचल्यावर आम्ही सगळे दिव्याखाली भिंग घेऊन बसलो. हिला हत्ती दिसला, मला डुक्कर दिसलं. सासूबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "उंदीर आहे. गणपतीचा असेल." मग कुणीतरी साल वाचलं. ते १९१७ होतं.

सासूबाईंचा या सगळ्या राजांवर एकूणच विश्वास नाही. त्यांचं माहेर परभणीकडचं, निजामाच्या मुलखातलं. त्यांच्या पेटीत हाली रुपया आहे, त्यावर चारमिनार. "तुमच्या रुपयावर माणसाचं तोंड असतं. माणूस मरतो. आमच्यावर इमारत आहे, ती अजून उभी आहे." या मुद्द्याला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, की हालीत चांदी ८१.८ टक्के, म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर थोडी, आणि त्या काळी सात हालींचे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, होत. त्यानंतर दोन दिवस चहात साखर कमी होती.

मग मी माणसांत गेलो. पहिल्यांदा सराफाकडे. त्याने रुपया हातात घेतला, राजाकडे बघितलंसुद्धा नाही, काट्यावर टाकला आणि म्हणाला, "अकरा पॉइंट चार. मोडीत घालायचाय?" मी म्हटलं, राणी आहे. तो म्हणाला, "असू दे. आम्ही वितळवतो तेव्हा सगळ्या सारख्याच." पाव ग्रॅम कुठे गेलं म्हणून विचारलं, तर म्हणे झीज. दीडशे वर्षांत लोकांच्या बोटांनी, बटव्यांनी आणि सावकारांच्या गल्ल्यांनी तेवढी राणी खाल्ली होती. मोडीच्या भावातून तो आणखी घट कापणार होता. मी राणीला घेऊन परत आलो. आमच्याकडच्या लग्नाळू मुलींना बघायला आलेली मंडळीसुद्धा याहून जास्त वेळ बसायची.

मग जुन्या बाजारात. तिथला प्रकार नेमका उलटा. विक्रेत्याने वजन केलंच नाही. भिंग लावून राजाच्या कानाजवळचे केस मोजले. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर खाली कमळाशी बारीक ठिपका असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीचा, नसेल तर कलकत्त्याचा, हे त्याने मला शिकवलं. मी लगेच मराठी बाण्याने मुंबईचेच मागितले. तो म्हणाला, "घ्या, भाव एकच आहे." म्हणजे शिकवणी फुकट होती. बोडक्या राजाचा १९०४ चा एक रुपया मात्र त्याने कागदाच्या पुडीतून काढला. काळा ठिक्कर, कडेला निळसर-जांभळी झाक. मी म्हटलं, हा तर काळा पडलाय. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं गवई टाळी चुकलेल्या श्रोत्याकडे बघतो. "काळा पडलेला नाही काका, टोनिंग आहे. शंभर वर्षांत याला कुणी घासलेलं नाही. हा घासला की मेला." त्या काळोखाचे मी चांदीच्या तिप्पट पैसे मोजले.

तिथेच दुसऱ्या एकाकडून घेतलेला राणीछाप घरी आणून वाजवला, तर आवाज बद्द. खऱ्या रुपयाचा नाद देवघरातल्या छोट्या घंटेसारखा घुमतो; हा वरणात चमचा पडावा तसा बोलला. वजन दहा ग्रॅमच्या आत. कडेच्या रेघा कुठे दाट, कुठे गायब. जर्मन सिल्व्हर असावं. या धातूच्या नावात सिल्व्हर आहे आणि अंगात फक्त तांबं, निकेल, जस्त. फसवणुकीचं मला विशेष वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की हिने तो आधी नुसत्या आवाजावरून ओळखला, स्वयंपाकघरातून, पाठ करून उभी असताना.

माझ्या नादाची बातमी पसरली तसे लोक आपापली नाणी घेऊन येऊ लागले. शेजारच्या काकांनी तांब्याचं एक जाडजूड नाणं आणलं. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १६१६. दुसऱ्या बाजूला मारुती. हे नाणं तांदूळ ओढतं आणि अशा नाण्याला परदेशात कोटी मिळतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. १६१६ साली इंग्रजांचा वकील सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत हात जोडून उभा होता. त्या गडबडीत त्याने मारुतीचं नाणं पाडायला वेळ काढला असेल, तर त्याची भक्ती मोठी म्हणायची. आम्ही वाटीभर कोलम घेऊन नाणं त्यावर धरलं. तांदूळ हलला नाही. काका म्हणाले, "बासमती हवा." इकडे आमचे नाशिकचे काका वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असे निरोप पाठवत होते. जुन्या नाण्यांच्या विक्रीवर रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. ते मी काकांना पाठवलं. त्यांनी त्याला अंगठा दाखवला आणि पुढचा निरोप पाठवला.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांत चांदी नसते, असं मीही समजत होतो. तर १९६९ चं गांधीजन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं पंधरा ग्रॅमचं, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे तब्बल बारा ग्रॅम. राजे लोकांनी जे दिलं नाही ते पंचेवाल्या म्हाताऱ्याने दिलं. हे सांगितल्यावर नाशिककडून बराच वेळ आवाज आला नाही. काकांना तरुणपणी ते नाणं मिळालं होतं. त्यांनी ते एसटीच्या तिकिटाला दिलं होतं. "कंडक्टरने सुटे पण परत दिले," ते खोल आवाजात म्हणाले.

वाटणीचा प्रश्न कायद्याने सोडवला. भाच्याचा आग्रह होता की त्याच्या वाट्याची राणी कुणाच्या तरी बॅगेतून न्यू जर्सीला पोचवावी. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. राणी गेली, बोडका गेला, आहेरातला पाचवा जॉर्ज गेला. शंभरीच्या आतला उरला फक्त सहावा जॉर्ज, निम्म्या चांदीचा. "मामा, दॅट्स व्हेरी कन्व्हीनियंट," भाचा म्हणाला. मी म्हटलं, कायद्यापुढे मामाचाही इलाज नाही.

तोवर माझ्याकडे आजीच्या राजांखेरीज स्वतःचे नऊ राजे जमले होते. मी निष्कर्षालाही आलो होतो. साठवायचे तर पाचव्या जॉर्जचे १९१२ ते १९२० मधले साधे, भरपूर सापडणारे, चेहरा ओळखू येईल इतपत झिजलेले रुपये घ्यावेत, आणि तेही चांदीच्या भावाच्या जवळपास मिळाले तरच. 'अँटिक' हा शब्द ऐकला की पाकीट परत खिशात ठेवावं. सहावा जॉर्ज निम्म्या भावात मिळाला तर घ्यावा. दुर्मीळ साल, दुर्मीळ डुक्कर आणि दुर्मीळ काळोख ज्यांना कळतो त्यांच्यासाठी सोडून द्यावा. त्यातला एक काळोख मी घेऊन बसलो होतो, पण तो अपवाद, स्वतःच्या सुखासाठी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फुलं आणायला मंडईत गेलो. परत आलो तर पाटावर केळीच्या पानावर झगमगाट. आजीचे बावीस आणि माझे नऊ, एकतीसच्या एकतीस राजे चिंच आणि रांगोळी लावून घासलेले, धुतलेले, पुसलेले. सासूबाई मध्ये बसून शेवटच्याला पदराने चकाकी देत होत्या. मी हात पुढे केला. १९०४ चा बोडका. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्याला कुणी हात लावला नव्हता, तो आता स्टीलच्या वाटीसारखा चमकत होता. निळसर नाही, जांभळट नाही. केससुद्धा होते त्याहून विरळ झाले होते.

मी काय झालंय ते सांगितलं. टोनिंग सांगितलं, तिप्पट पैसे सांगितले. ही उठली, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली आणि बोडक्याला त्यावर ठेवलं.

"अकरा पॉइंट सहा. आधी किती होता?"

"तेवढाच."

"मग?"

पूजा वेळेवर झाली. बोडक्या राजाला या घराण्यात पहिल्यांदाच हळद-कुंकू लागलं.

तर वाचकहो, तुमच्याही आजीचा बटवा कुठेतरी असेल. उघडा, साल वाचा, लोहचुंबक लावा, काट्यावर ठेवा. पण १९३९ दिसलं तर घरातली चिंच आधी कुलपात घाला. आणि काकांना कळवण्यापूर्वी मला कळवा.